नाकतोड्यांचें वर्गीकरण व आपली दृष्टि



गेल्या वर्षीं पावसाळा सरतांना शाळेंत मुलांनीं जमविलेल्या नैसर्गिक वस्तूंचें एक लहानसें प्रदर्शन भरलें होतें. कोणीं शंखशिंपले मांडले होते, कोणीं पक्ष्यांचीं गळून पडलेलीं पिसें, तर कोणीं रानांतल्या झाडांच्या बिया. आठव्या इयत्तेंतील, वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलानें कांचेच्या दोन बरण्या ठेविल्या होत्या. बरण्यांच्या तोंडांस मलमलीचें फडकें बांधलें होतें व आंत जिवंत नाकतोडे होते. पहिल्या बरणींत एक हिरवा व एक तपकिरी असे दोन किडे एकत्र होते. दुसरींत एकच होता, परंतु तोहि पहिल्यांतील हिरव्या किड्यासारखाच हिरवागार. पहिल्या बरणीवर चिठ्ठी होती, 'एकाच प्रजातीचे दोन'. दुसरीवर, 'निराळ्या प्रजातीचा एक'.

परीक्षक मीच होतों. मीं उभ्याउभ्याच बरण्यांकडे पाहिलें व तांबड्या शाईनें शेरा मारिला: 'रंग भिन्न असून एकत्र, रंग एक असून पृथक्. वर्गीकरण चुकलें.' मुलगा हळूच म्हणाला, "सर, रंग वेगळा आहे खरा, पण दोघांचें डोकें एकच आहे. मीं भिंगांतून पाहिलें." मीं त्यास पुढें बोलूं दिलें नाहीं. बक्षीस दुसऱ्या मुलास मिळालें, आणि ह्या मुलानें संध्याकाळीं बरण्यांचीं फडकीं सोडून किडे कुंपणापाशीं नेऊन सोडून दिले.

दोन दिवसांनीं ओसरीवरच्या दिव्यापाशीं तसलेच किडे आले. त्या मुलाचे शब्द मनांत घोळत होतेच. मीं भिंग आणिलें व अर्धा तास बसून पाहिलें. मुलगा बरोबर होता आणि मी चुकलों होतों. त्याची गुणपत्रिका मीं दुसऱ्या दिवशीं दुरुस्त केली, परंतु बक्षीस परत येत नाहीं. शिक्षकानें चारचौघांत केलेली चूक त्यानें चारचौघांतच कबूल करावी, असें मला वाटतें. म्हणून हा लेख. आणि नुसत्या कबुलीनें भागणार नाहीं. ती चूक कां झाली व पुढें होऊं नये म्हणून आपण काय करावें, हेंहि सांगितलें पाहिजे.

प्रथम ज्या प्राण्याविषयीं हा प्रसंग घडला त्याची नीट ओळख करून घेऊं. गवतांतून टुणकन् उडणाऱ्या बहुतेक किड्यांस आपण नाकतोडा म्हणतों, थव्यानें येऊन पिकें फस्त करणाऱ्यास टोळ म्हणतों, आणि रात्रीं किर्र आवाज करणाऱ्यास रातकिडा म्हणतों. व्यवहारास हीं नांवें पुरतात, परंतु शास्त्रास पुरत नाहींत. कारण 'नाकतोडा' ह्या एकाच नांवाखालीं दोन भिन्न घराणीं दडलेलीं आहेत. एक आखूड मिशांचें. टोळ हा त्याच घराण्यांतला. दुसरें लांब मिशांचें. ह्यांतील किड्यांस इंग्लंडांत 'बुश-क्रिकेट' व अमेरिकेंत 'केटीडिड' म्हणतात. ह्या दुसऱ्या कुळाचें शास्त्रीय नांव टेटिगोनिइडी असें असून, त्याच्या आठ हजारांवर जाति आजवर नोंदल्या गेल्या आहेत. ह्या लेखांत त्यांस आपण 'लांब मिशांचे नाकतोडे' असेंच म्हणूं.

टोळ, रातकिडा व लांब मिशांचा नाकतोडा हीं तीन भावंडें एकमेकांपासून कशीं ओळखावीं? ह्यास चार खुणा पुरेशा आहेत. पहिली खूण मिशांची. टोळाच्या मिशा आखूड व जाडसर असतात. दुसऱ्या दोघांच्या केसांसारख्या बारीक, व बहुधा शरीराहूनहि लांब असतात. दुसरी खूण पावलांची. रातकिड्याच्या व टोळाच्या पावलास तीन पेरें असतात, तर लांब मिशांच्या नाकतोड्याच्या पावलास चार. तिसरी खूण पंखांची. रातकिड्याचा उजवा वरचा पंख बहुधा डाव्यावर असतो. लांब मिशांच्या नाकतोड्याचा डावा उजव्यावर असतो. डाव्या पंखाच्या खालच्या अंगास कानशीच्या दात्यांसारखी एक रेघ असते. ती उजव्या पंखाच्या कडेवर घासून नर आपलें गाणें गातो. चौथी खूण कानांची. टोळाचे कान पोटाच्या पहिल्या वलयाच्या दोन्ही बाजूंस असतात. रातकिड्याचे व लांब मिशांच्या नाकतोड्याचे कान पुढच्या पायांच्या नडगीवर, गुडघ्याच्या किंचित् खालीं असतात! कान पायांत असणारा प्राणी आपल्या अंगणांत नांदतो, हें किती जणांस ठाऊक आहे?

मादीच्या शेपटाशीं अंडीं घालण्याचें एक साधन असतें. रातकिड्याच्या मादीचें तें सुईसारखें, तर लांब मिशांच्या नाकतोड्याच्या मादीचें तें बाजूंनीं चपटें, तलवारीसारखें असतें. पुष्कळ लोक ह्या तलवारीस नांगी समजून भितात. ती नांगी नव्हे. तिनें दंश होत नाहीं. आईनें आपलीं लेंकरें सुरक्षित ठेवण्यासाठीं वापरलेलें तें हत्यार आहे.

कूळ ठरलें, आतां प्रजाति. आपसांत संतति वाढविणाऱ्या जीवांचा जो समूह, त्यास जाति म्हणतात. एकमेकींच्या निकट आप्त असलेल्या जातींचा गट म्हणजे प्रजाति. ह्या व्याख्येंतील 'आप्त' हा शब्द नीट ध्यानांत धरावा. वर्गीकरण करणें म्हणजे कपाटांत सारख्या रंगाचीं पुस्तकें एकत्र लावणें नव्हे. कोण कोणाचा भाऊबंद आहे हें शोधून काढणें, हा त्याचा हेतु आहे. माणसांतहि सारख्या रंगाचे सदरे घातल्यानें दोघे भाऊ होत नाहींत, आणि एकाच आईच्या दोन मुलांपैकीं एक गोरा व एक सावळा असूं शकतो.

आतां त्या दोन बरण्यांकडे पुन्हा वळूं. पहिल्या बरणींतील दोघे यूकोनोसेफॅलस ह्या प्रजातीचे होते. ह्या प्रजातींतील किड्यांचें डोकें पुढें शंकूसारखें निमुळतें होत जातें, अंग लांबट व अरुंद असतें, आणि मादीची तलवार लांब व जवळजवळ सरळ असते. एकाच जातीचे कांहीं किडे हिरवे व कांहीं तपकिरी निपजतात; हिरव्या गवतांत एक लपतो, वाळल्या गवतांत दुसरा. दुसऱ्या बरणींतील किडा फॅनेरॉप्टेरा ह्या प्रजातीचा होता. ह्या ग्रीक नांवाचा अर्थच 'दिसणारा पंख'. पंख मिटलेले असतांहि खालच्या पंखांचीं टोकें वरच्या पंखांच्या पलीकडे बाहेर डोकावतात, यावरून हें नांव पडलें. ह्याचें डोकें शंकूसारखें नसतें. मादीचें अंडीं घालण्याचें साधन आखूड, रुंद व कोयत्यासारखें वर वळलेलें असतें. तिच्या काठास बारीक दाते असतात, आणि तिनें ती पानाची कड चिरून पानाच्या दोन पापुद्र्यांमध्यें अंडीं सरकवते. शंकुशीर्ष किड्याच्या मादीस गवताच्या देंठाशीं अंडीं खोंचावयाचीं असतात, म्हणून तिला लांब तलवार. पानाच्या कडेशीं घालावयाचीं असतात तिला आखूड कोयता. अवयवाचा आकार हा असा जीवनक्रमाशीं बांधलेला असतो. रंग मात्र एकाच घरांत दोन असूं शकतात. मीं रंग पाहिला. त्या मुलानें डोकें पाहिलें.

आपल्या परिसरांत आणखीहि प्रजाति आढळतात. मेकोपोडा म्हणजे 'लांब पायांचा'. त्याचे मागचे पाय खरोखरच फार लांब असून वरचे पंख रुंद पानासारखे असतात, आणि तोहि हिरवा व तपकिरी अशा दोन्ही रंगांत सांपडतो. हेक्सासेंट्रस ह्याच्या पुढच्या पायांस लांब कांट्यांची रांग असते. हा दुसरे किडे पकडून खातो, आणि ते कांटे भक्ष्यास घट्ट धरून ठेवण्याच्या कामीं येतात. सॅथ्रोफायलिया हा झाडाच्या सालीसारखा खरबरीत दिसतो; सालीस चिकटून, पुढचे पाय समोर ताणून तो निश्चल बसला म्हणजे हातभर अंतरावरूनहि दिसत नाहीं. हे तिघेहि लांब मिशांच्या कुळांतलेच. परंतु रंग किंवा आकार पाहून कोणी त्यांस एका घराण्यांतले म्हणणार नाहीं. पाऊल, पंख व कान पाहिले म्हणजेच नातें उघड होतें.

मग प्रजाति ठरवितांना कोणत्या लक्षणास किती मान द्यावा? माझ्या मतें, जें लक्षण वयानें, ऋतूनें किंवा राहण्याच्या जागेनें बदलतें त्यास कमी मान, आणि जें घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकतें त्यास अधिक मान. रंग बदलतो. उंचीहि भरंवशाची नाहीं, कारण पिलूं लहान असतें व त्यास पुरे पंखहि नसतात. उलट कपाळाच्या टोकाचा आकार, छातीच्या खालीं पुढच्या दोन पायांमध्यें कांट्यांची जोडी आहे कीं नाहीं, नडगीवरील कानाचें तोंड उघडें आहे कीं चिरेसारखें मिटलेलें, मादीच्या तलवारीची वळण, नराच्या शेपटाशीं असलेल्या चिमट्यासारख्या अवयवांचे दाते, हीं लक्षणें सहसा बदलत नाहींत. आणि एका लक्षणावर भिस्त ठेवूं नये; न्यायालयांत एका साक्षीदारापेक्षां चार साक्षीदारांची साक्ष जुळली तर तिला जसें वजन येतें, तसेंच येथें आहे.

माझी चूक लहान होती, परंतु ती एकट्या माझीच नव्हे. वर्गीकरणाचा इतिहास हा अशाच चुकांचा व त्या प्रांजळपणें सुधारण्याचा इतिहास आहे. स्वीडनचे थोर शास्त्रज्ञ लिनियस यांनीं इ. स. १७५८ मध्यें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत टोळ, रातकिडे व लांब मिशांचे नाकतोडे हे सर्व 'ग्रिलस' ह्या एकाच प्रजातींत घातले. इतकेंच नव्हे, तर पुढचे पाय जोडून बसणारा प्रार्थना-कीटकहि त्यांनीं तेथेंच बसविला! आज आपणांस ठाऊक आहे कीं, प्रार्थना-कीटक झुरळांचा जवळचा आप्त आहे, नाकतोड्यांचा नव्हे. तथापि लिनियस यांनीं त्या मोठ्या प्रजातीचे पोटभाग पाडले होते व त्यांपैकीं एकास 'टेटिगोनिया' हें नांव दिलें होतें. आजच्या कुळाचें नांव त्याच शब्दावरून आलें. चूक मोठी होती, पण तिच्या पोटांत खरी वाट दडलेली होती.

पुढें एकोणिसाव्या शतकांत ही वाट रुंद करणारा एक विलक्षण गृहस्थ होऊन गेला. कार्ल ब्रुनर फॉन वॅटनविल यांचा जन्म इ. स. १८२३ मध्यें स्वित्झर्लंडांत झाला, व ऑस्ट्रियाच्या तारखात्याचे ते प्रमुख अधिकारी होते. खात्याचें काम सांभाळून त्यांनीं जगभरच्या नाकतोड्यांचा अभ्यास केला. इ. स. १८७८ मध्यें फॅनेरॉप्टेराच्या घराण्यावर, आणि इ. स. १८९५ मध्यें पानासारख्या व सालीसारख्या दिसणाऱ्या नाकतोड्यांच्या घराण्यावर त्यांनीं मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. इ. स. १९१४ मध्यें ते वारले. पायांच्या कांट्यांपासून पंखांच्या शिरांपर्यंत बारीकसारीक खुणा पाहून त्यांनीं प्रजाति वेगळ्या केल्या. पोटाचा व्यवसाय एक आणि जिज्ञासेचा विषय दुसरा, हें दोन्ही एका आयुष्यांत साधतें, याचें हें उदाहरण पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें.

तिसरें उदाहरण इंग्लंडांतलें आहे, व तें माझ्या मुद्द्यास फार उपयोगी आहे. अठराव्या शतकांत न्यूरेंबर्ग शहरीं रोझेल फॉन रोझेनहोफ नांवाचे एक चित्रकार होते. त्यांनीं कीटकांचीं अतिशय सुंदर चित्रें काढलीं. इ. स. १८२२ मध्यें एका नाकतोड्यास त्यांच्या स्मरणार्थ त्यांचें नांव देण्यांत आलें. पुढें हा किडा मेट्रिओप्टेरा ह्या प्रजातींत गणला जाऊं लागला. ह्या प्रजातींतील त्याचा एक शेजारी दलदलीच्या माळांवर राहतो. दोघेहि तपकिरी-हिरवट, दोघांचेहि पंख बहुधा आखूड. वरवर पाहणाऱ्यास दोघे सारखेच. परंतु मानेवरच्या ढालीची बाजू पाहिली म्हणजे भेद कळतो. दलदलींतल्या किड्याच्या ढालीची फक्त मागची कड फिकट असते. रोझेलच्या किड्याच्या ढालीच्या कडेस सर्व बाजूंनीं फिकट पट्टी असते. इ. स. १९४१ मध्यें झॉयनर नांवाच्या शास्त्रज्ञांनीं ह्या सर्व आप्तांची फेरतपासणी केली. नरमादींच्या पोटाच्या टोकाशीं असलेल्या लहान कठीण अवयवांच्या आकारावरून त्यांनीं जुन्या प्रजातींतून अनेक नव्या प्रजाति वेगळ्या काढल्या, व रोझेलच्या किड्यास 'रोझेलियाना' ही स्वतंत्र प्रजाति दिली. हा निर्णय सर्वांस एकदम पटला नाहीं. कित्येक वर्षें इंग्लंडांतील पुस्तकांत जुनेंच नांव छापलें जात होतें. आतां नवें नांव बरेंच रूढ झालें आहे.

ह्याच किड्याची आणखी एक गंमत आहे. ह्याचे पंख सामान्यतः आखूड असतात. परंतु कांहीं पिढ्यांत लांब पंखांचे किडे निपजतात व ते उडून दूरवर जातात. हा किडा पूर्वीं इंग्लंडच्या आग्नेय भागापुरताच होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो झपाट्यानें पसरला, आणि ह्या प्रसारांत लांब पंखांच्या किड्यांचा वांटा होता. कोणी पंखांच्या लांबीवरूनच प्रजाति ठरविती, तर त्यानें एकाच आईच्या लेंकरांस दोन घराण्यांत वांटलें असतें. म्हणजे मीं रंगाबाबत जी चूक केली, तीच त्यानें पंखांबाबत केली असती.

येथें एक आक्षेप येतो व तो वजनदार आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनीं मला विचारलें, "आतां शास्त्रज्ञ प्राण्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून नातीं ठरवितात. मग मुलांनीं पावलांचीं पेरें कशाला मोजावीं?" आक्षेपांत तथ्य आहे, हें मी प्रथम मान्य करतों. इ. स. २०१३ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं अशाच तपासणीवरून दाखविलें कीं, लांब मिशांच्या नाकतोड्यांत पानासारखे पंख एकदांच नव्हे, तर निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणें अनेकदां उत्पन्न झाले आहेत. म्हणजे पानासारखा पंख पाहून सर्वांस एका कुळांत घालणें चूक होतें. पान हा लपण्याचा वेष आहे. वेष कोणीहि घेऊं शकतो.

तसेंच आपल्या देशांतलें एक उदाहरण सांगतों. इ. स. २००६ मध्यें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं दक्षिण भारतांतील मेकोपोडा नाकतोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीररचनेवरून एकमेकांपासून ओळखूं येत नाहींत असे हे किडे पांच निरनिराळ्या प्रकारचीं गाणीं गात असल्याचें त्यांस आढळलें. डोळ्यांस जें एक दिसलें तें कानांस पांच ऐकूं आलें! तेव्हां बाह्य लक्षणें हीं अखेरचा निवाडा नव्हेत, हें उघड आहे.

परंतु ह्यावरून शरीरलक्षणें टाकून द्यावीं, असें मात्र निघत नाहीं. बंगळूरच्या संशोधकांनीं हे किडे मेकोपोडा आहेत हें प्रथम कशावरून ओळखलें? शरीरावरूनच. अमेरिकन संशोधकांनीं पानासारखे पंख अनेकदां उत्पन्न झाले असें म्हटलें, तें पंख डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज म्हणतां आलें असतें काय? शरीर हा पहिला साक्षीदार आहे. गाणें दुसरा, व आनुवंशिक द्रव्य तिसरा. तिसऱ्या साक्षीदारास प्रयोगशाळा व पैसा लागतो. पहिल्यास एक भिंग व थोडा धीर पुरतो. खेड्यांतील शाळेंतील मुलाजवळ पहिलाच साक्षीदार आहे. तोहि आपण त्याच्यापासून हिरावून घ्यावा काय?

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. "किडे पाहून परीक्षेंत काय मिळणार? शिवाय ते घाणेरडे, अंगावर आले तर?" पहिल्या प्रश्नास मी एक प्रसंग आठवून उत्तर देतों. इ. स. २०२० च्या मे महिन्यांत अमरावती व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड शिरली. अशा वेळीं गांवांत शिरलेला किडा टोळ आहे कीं निरुपद्रवी नाकतोडा, हें ज्यास कळतें तो मनुष्य उपयोगाचा असतो. तेथेंहि रंग फसवितो. कारण थव्यांतला वाळवंटी टोळ वयांत येण्यापूर्वीं गुलाबी व पुढें पिवळा होतो. मिशा मात्र फसवीत नाहींत. ज्या मुलानें लहानपणीं मिशा व पावलें पाहण्याची संवय लावून घेतली, तो शेतांत उभा राहून 'हा टोळ, हा नव्हे' असें खात्रीनें सांगूं शकेल, व भीतीपोटीं होणारी औषधांची फवारणीहि टळेल. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. किडा हातांत घेण्याची गरज नाहीं. बरणींत घ्यावा, पाहावा व सोडून द्यावा. त्याला मारून टांचणीनें टोंचण्याचीहि शाळकरी मुलांस गरज नाहीं. तो मुलगा हेंहि आमच्या आधीं शिकला होता.

आतां मला काय सुचवावयाचें आहे तें थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट, प्रत्येक वर्गांत निदान दोन भिंगें असावींत. त्यांस लागणारा खर्च एका खेळाच्या चेंडूइतकाच आहे. दुसरी, पावसाळ्याच्या शेवटीं प्रत्येक वर्गानें आठवडाभर दिव्याशीं येणाऱ्या किड्यांची वही ठेवावी. तींत नांव लिहिण्याची घाई करूं नये, आधीं मिशा, पावलांचीं पेरें, पंखांची मांडणी, डोक्याचा आकार व तलवारीचें वळण लिहावें, नांव सर्वांत शेवटीं लिहावें. नांव कळलें नाहीं तर जागा कोरी ठेवावी. कोरी जागा खोट्या नांवापेक्षां चांगली. तिसरी गोष्ट आम्हां शिक्षकांसाठीं. उत्तर बरोबर कीं चूक हें ठरविण्यापूर्वीं 'कशावरून?' असें विचारावें, आणि त्याचें उत्तर शेवटपर्यंत ऐकावें. गुण नांवास नव्हे, तर ह्या 'कशावरून'च्या उत्तरास द्यावेत. मीं हा एक शब्द त्या दिवशीं विचारला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

कदाचित् कोणी म्हणेल, नाकतोड्यासारख्या क्षुद्र जीवावर इतका उहापोह कशाला? परंतु संवय लहान गोष्टींतच लागते. जो नाकतोड्याचा रंग पाहून कूळ ठरवितो, तो उद्यां माणसाचा वेष पाहून त्याची योग्यता ठरवील. जो भिंग घेऊन, मोजून, चार लक्षणें ताडून मगच नांव उच्चारतो, तो माणसांविषयीं बोलतांनाहि थांबून विचार करील. आपल्या देशांत रंगावरून, पोशाखावरून व आडनांवावरून माणसांच्या बरण्या ठरविण्याची संवय फार जुनी आहे. ती मोडण्याचा आरंभ शाळेच्या ओसरीवरच्या दिव्याखालीं होऊं शकेल, अशी माझी श्रद्धा आहे.

तो मुलगा आतां नववींत आहे. परवां मीं त्याला सर्वांसमक्ष वर्गांत बोलाविलें, जुनी चिठ्ठी परत दिली व तीवरील माझा तांबडा शेरा खोडून दाखविला. त्यानें चिठ्ठी घेतली व विचारलें, "सर, काल दिव्यापाशीं एक आला होता. डोकें शंकूसारखें, पण तलवार वांकडी. त्याला कोठें घालूं?"

मीं म्हटलें, "अजून कोठेंच नको. भिंग आण, आधीं दोघे मिळून पाहूं."